मूठ कोणाच्या हाताची?

बाईच्या हाती शस्त्र असावं की नसावं, यावर आपल्या बैठकांतून पुष्कळ वाद झालेले आहेत. कोणी म्हणतं, बाईनं स्वतःचं रक्षण स्वतः करायला शिकलं पाहिजे. कोणी म्हणतं, हिंसेला हिंसेचं उत्तर देऊन आपण पुरुषी जगाचेच नियम मान्य करतो. दोन्ही बाजूंत तथ्य आहे आणि हा वाद इतक्यात मिटणारही नाही. पण या गदारोळात एक साधा प्रश्न मागे पडतो. ज्या बायकांच्या हाती शस्त्र आधीच आलेलं आहे, नोकरीचा भाग म्हणून रोज कमरेला येतं आहे, त्यांच्या हातात ते बसतं का? हे मी अलंकारिक अर्थानं विचारत नाही. पिस्तुलाची मूठ बाईच्या तळव्यात, बोटांत, अंगठ्याशेजारच्या बेचक्यात नीट बसते का, एवढंच विचारते आहे.

मी काम करते ते बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यात, बीबी आणि आसपासच्या गावांत. समाजकार्याची पदव्युत्तर पदवी घेतली तेव्हा पिस्तुलाबद्दल लिहायची वेळ येईल असं मनातही आलं नव्हतं. बचत गट, शाळागळती, नवऱ्यानं टाकलेल्या बायकांचे पोटगीचे अर्ज हे माझे विषय. पण गेली काही वर्षं इथल्या मुलींच्या बोलण्यात एक शब्द सारखा येतो: भरती. पहाटे अंधारात रस्त्याच्या कडेनं मुली धावताना दिसतात. जिजाऊंचं जन्मगाव सिंदखेडराजा इथून फार लांब नाही. शूर बाईचं चित्र या मुलींच्या डोळ्यांसमोर लहानपणापासून आहे. पण त्या धावतात त्या पगारासाठी, आणि लग्न चार वर्षं पुढे ढकलता यावं यासाठी. सोयाबीन-कापसाच्या भरवशावर चालणाऱ्या घरातल्या मुलीला खाकी वर्दी म्हणजे स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा एक खात्रीचा मार्ग वाटतो. १९९४ च्या महिला धोरणानंतर सरकारी नोकऱ्यांत ३० टक्के जागा बायकांना राखीव झाल्या, त्याचं हे गावपातळीवरचं फळ आहे, आणि मला ते मोलाचं वाटतं.

या भरतीची मापं मुलींना तोंडपाठ असतात. शिपाई पदासाठी पुरुषाची उंची १६५ सेंटिमीटर लागते, बाईची १५५. पुरुष १६०० मीटर धावतो, बाई ८०० मीटर. पुरुषानं फेकायचा गोळा ७ किलो २६० ग्रॅमचा, बाईचा ४ किलोचा. म्हणजे बाईचं शरीर वेगळं आहे हे शासनाला माहीत आहे. दाराशी उभं करून मोजमाप घेताना ते मान्यही केलेलं आहे. प्रश्न येतो तो दार ओलांडल्यावर. गोळ्याचं वजन बदललं, तशी पिस्तुलाची मूठ बदलली का?

आमच्या परिसरातली एक मुलगी दुसऱ्या जिल्ह्यात उपनिरीक्षक आहे. नाव-गाव सांगत नाही, नोकरीचा प्रश्न आहे. सुटीवर आली तेव्हा तिच्या उजव्या अंगठ्याच्या मुळाशी सूज होती. नऊ मिलिमीटरच्या पिस्तुलाचा सराव चालू होता. मूठ जाड. बोट चापापर्यंत, म्हणजे लोक ज्याला घोडा म्हणतात तिथपर्यंत, नीट पोचत नव्हतं. पोचवायचं तर हात मुठीभोवती थोडा फिरवून धरावा लागे. मग गोळी सुटताना बसणारा धक्का तळव्याऐवजी अंगठ्याच्या सांध्यावर येई. न फिरवता धरलं तर बोटाचं नुसतं टोक चापावर टेके आणि गोळ्या निशाणाच्या डावीकडे जात. शिकवणाऱ्यानं निदान केलं ते असं: "मॅडम, बाईच्या हातात बळच कमी." तिनं विचारलं, मूठ लहान करून मिळेल का? सगळे हसले. तिनं मला विचारलं, "ताई, मी शेतात नांगर धरलाय, विहिरीतून पाणी शेंदलंय. बळ कमी म्हणजे नेमकं कशाचं?"

तिच्या प्रश्नाचं उत्तर शोधायचं म्हणून मी थोडं वाचलं, नेमबाजी शिकवणाऱ्यांशी बोलले. जे हाती लागलं ते इतकं सरळ आहे की ते कोणी आधी सांगितलं कसं नाही, याचंच नवल वाटलं.

पिस्तुलाच्या मुठीत काडतुसांचं मॅगझिन बसतं. म्हणून मुठीचा घेर हा मुळात माणसाच्या हातावरून ठरत नाही, काडतुसांच्या आकारावरून आणि संख्येवरून ठरतो. काडतूस जितकं लांब, तितकी मूठ पुढून मागे खोल. काडतुसं एका रांगेत रचली तर मूठ चपटी राहते. दोन रांगांत रचली तर गोळ्या जास्त मावतात, पण मूठ जाड होते. आता गंमत पाहा. .४५ इंचाचं, म्हणजे साडेअकरा मिलिमीटरच्या आसपासचं मोठ्या बोअरचं एक जुनं पिस्तूल आहे. १९११ साली अमेरिकन सैन्यानं ते स्वीकारलं. त्यात सातच गोळ्या आणि त्याही एका रांगेत. त्यामुळे गोळी मोठी असूनही मूठ चपटी आहे. उलट नऊ मिलिमीटरचं, गोळी लहान असलेलं, पण दोन रांगांत सतरा गोळ्या मावणारं पिस्तूल लहान हाताला अधिक जाड लागू शकतं. म्हणजे "मोठं बोअर बाईला झेपत नाही" हे वाक्यच अर्धवट आहे. बोअर किती, हा एक प्रश्न. मूठ केवढी आणि चाप किती लांब, हा दुसरा. धक्का झेपणं न झेपणं बऱ्याच अंशी या दुसऱ्या प्रश्नावर ठरतं. मूठ हातात बसली असेल तर मोठ्या गोळीचा धक्का सरळ मनगटातून बाहूत जातो. बसली नसेल तर मध्यम गोळीसुद्धा अंगठा सुजवते.

तेव्हा मूठ बसते की नाही हे ओळखायचं कसं? पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून आणि जाणत्या माणसासमोरच हे पाहायचं. अंगठा आणि तर्जनीमधलं बेचकं मुठीच्या मागच्या बाजूला जाईल तितकं वर घट्ट बसलं पाहिजे. तसं धरल्यावर नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आले पाहिजेत. हात न फिरवता तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग चापावर टेकला पाहिजे. नुसतं टोक टेकत असेल तर मूठ मोठी, आणि दुसरं पेर ओलांडून बोट आत जात असेल तर मूठ लहान. उरलेली तिन्ही बोटं मुठीवर आली पाहिजेत, करंगळी अधांतरी लोंबकळता कामा नये. मॅगझिन सोडायची कळ अंगठ्याला फारशी पकड न सोडता सापडली पाहिजे. डोळे मिटून, निशाण धरल्यासारखा हात उचलून डोळे उघडले, तर पुढचं आणि मागचं निशाण जवळपास एका रेषेत दिसलं पाहिजे. आणि शेवटची कसोटी मैदानावरची. पाच गोळ्या झाडल्यावर पकड पुन्हा पुन्हा सावरावी लागत असेल, तर ते पिस्तूल त्या हाताचं नाही.

यात गूढ असं काही नाही. आमच्याकडच्या आठवडी बाजारात खुरपं घेणारी बाई नेमकं हेच करते. पात्याकडे मागाहून पाहते, आधी मूठ हातात घेते, मनगट हलवून बघते, नाही पटलं तर दुसरं उचलते. दिवसभर निंदायचं आहे, हाताला फोड आले तर मजुरी बुडते, हे तिला ठाऊक असतं. एकीला मी म्हटलं, सगळी तर सारखीच दिसतात. ती म्हणाली, "ताई, दिसाले सारखी असतीन. हाताले नसतात." खुरप्याच्या बाबतीत जे शहाणपण पंधरा-वीस वर्षं मजुरी केलेल्या बाईला आहे, ते पिस्तूल वाटणाऱ्या खात्याला का असू नये?

यावर कोणी म्हणेल, शस्त्र काय प्रत्येकाच्या मापानं शिवून द्यायचं? तो काय झंपर आहे? इथे इतिहास बघावा. वर सांगितलेलं १९११ चं पिस्तूल पहिल्या महायुद्धात वापरलं गेलं. तेव्हा लक्षात आलं की कित्येक सैनिकांची बोटं चापापर्यंत नीट पोचत नाहीत, आणि मागे येणारा घोडा हाताचं बेचकं चावतो. हे सैनिक पुरुष होते. कोणी त्यांना "तुमच्या हातात बळ नाही" म्हटलं नाही. १९२० च्या दशकात पिस्तूल बदललं. चाप आखूड केला, चापामागची चौकट दोन्ही बाजूंनी तासली, बेचक्यावरचं संरक्षण लांबवलं, मुठीच्या मागच्या बाजूला बाक दिला. पुढच्या काळात तर हे आणखी सोपं झालं. पोलिसांत जगभर वापरल्या जाणाऱ्या ऑस्ट्रियाच्या ग्लॉक कंपनीनं २०१० च्या सुमाराला मुठीची मागची पट्टी बदलता येईल अशी पिस्तुलं आणली. अमेरिकन सैन्यानं २०१७ साली नवं पिस्तूल निवडलं, त्याला लहान, मध्यम, मोठी अशा तीन मापांच्या मुठी बसवता येतात. म्हणजे तंत्र आहे, आणि ते फार महागडंही नाही. पुरुषाचा हात लहान निघाला तेव्हा पिस्तुलात दोष शोधला गेला. बाईचा हात लहान निघाला की दोष बाईत शोधला जातो. माझी तक्रार आहे ती या दुटप्पीपणाबद्दल.

खेळाच्या मैदानावर हीच गोष्ट अधिक स्पष्ट दिसते. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकलं. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. २०२४ साली पॅरिसला मनू भाकरनं एअर पिस्तूलची दोन कांस्यपदकं मिळवली. या खेळाडूंच्या पिस्तुलांची मूठ लाकडाची असते आणि ती हाताच्या मापानं निवडलेली, तासलेली, लांबी घालून भरलेली असते. नियमांत मनगटाला आधार घ्यायला बंदी आहे, पिस्तुलाच्या वजनाला मर्यादा आहे, २५ मीटर प्रकारात चाप ओढायला किमान एक किलोचा जोर लागला पाहिजे अशी अट आहे. पण तळव्याच्या आकाराची मूठ करायला मोकळीक आहे. तिथं कोणी याला सवलत म्हणत नाही, ती खेळाची पूर्वतयारी मानली जाते. अर्थात तिथेही एक गोष्ट टोचते. बायका २५ मीटरवर खेळतात ते .२२ च्या लहान बोअरनं. मोठ्या बोअरच्या सेंटर-फायर पिस्तुलाचा प्रकार जागतिक स्पर्धांत पुरुषांचा म्हणूनच चालत आला आहे. पोलीस ठाण्यात जी बाई नऊ मिलिमीटर बाळगते, तिच्यासाठी मोठ्या बोअरचं तसं मैदान ठेवलेलं नाही.

आणि बाईसाठी म्हणून शस्त्र मुद्दाम बनवलं जातं तेव्हा काय होतं? दिल्लीतल्या १६ डिसेंबर २०१२ च्या घटनेनंतर, जानेवारी २०१४ मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्यानं 'निर्भीक' नावाचं .३२ बोअरचं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. बायकांसाठी म्हणून त्याचा गाजावाजा झाला. वजन ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात, आणि सोबत दागिन्यांच्या डब्यासारखी मखमली डबी. मैत्रिणींनो, डबीचा विचार झाला, पर्समध्ये मावेल याचा विचार झाला. हाताचा किती झाला? हलकं म्हणजे बाईला सोपं, हा समजच अपुरा आहे. शस्त्र जितकं हलकं, तितका त्याच गोळीचा धक्का हाताला जास्त जाणवतो. रिव्हॉल्व्हरचा घोडा आधी हातानं मागे ओढला नसेल, तर चाप लांब आणि जड ओढावा लागतो. मूठ फार आखूड केली तर करंगळीला जागा उरत नाही. "लेडीज" म्हणून लहान, हलकं आणि देखणं करणं एक, आणि बाईच्या हाताचं माप घेऊन बनवणं दुसरं. पहिल्यात बाई गिऱ्हाईक असते. दुसऱ्यात ती काम करणारी माणूस असते.

किमतीचं तर बोलायलाच नको. सव्वा लाखाचं रिव्हॉल्व्हर ऊस तोडायला जाणारी बाई घेणार आहे का? आणि घेतलं तरी कोणावर रोखणार? आपल्याकडे लग्न झालेल्या बाईला मारणारा बहुतेक वेळा तिचा नवराच असतो, हे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. ज्या घरात तिला मारहाण होते, त्याच घरातल्या कपाटात शस्त्र ठेवलं तर किल्ली कोणाकडे असेल, हे मला वेगळं सांगायला नको. म्हणून शासनानं बाईला रिव्हॉल्व्हर विकून आपली जबाबदारी झटकावी, याला माझा विरोध आहे. १९५९ चा शस्त्र कायदा परवाना देताना कडक आहे, नऊ मिलिमीटरसारखी बोअर सामान्य नागरिकाला मिळत नाहीत, २०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाची अट घातली, २०१९ च्या दुरुस्तीनं एका परवान्यावरच्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली. हे योग्यच झालं असं मी मानते.

मग चळवळीच्या अंकात मी पिस्तुलाच्या मुठीवर का लिहावं? माझ्या काही सहकारी मैत्रिणी हा प्रश्न विचारतीलच. त्यांना माझं सांगणं असं की, घरोघरी शस्त्र नको म्हणणं आणि वर्दीतल्या बाईला तिच्या हाताचं शस्त्र द्या म्हणणं यात विसंगती नाही. उलट, पहिलं म्हणायचं असेल तर दुसरं म्हणावंच लागतं. घरातल्या बाईनं शस्त्र न घेता पोलीस ठाण्यावर भिस्त ठेवावी असं आपण सांगतो. त्या ठाण्यात रात्रपाळीला बसलेली बाई स्वतःच्या शस्त्राबद्दल साशंक असेल, तिच्या वरिष्ठाला तिला गस्तीवर पाठवायला नको वाटत असेल, तर ती टेबलाशीच राहते. बंदोबस्त, छापा, तपास यांतून ती वगळली जाते आणि बायकांच्या तक्रारी लिहून घेणं एवढंच तिचं काम उरतं. नेमबाजीतले गुण कमी पडले की "बाई आहे" हा शेरा मनात पक्का होतो, आणि पुढच्या तुकडीतल्या मुलीकडे त्याच नजरेनं पाहिलं जातं. शिवाय चुकीच्या पकडीतून सुटलेली गोळी कुठे जाईल याचा भरवसा नसतो. समोर गर्दी असेल तर तो धोका आपल्या सगळ्यांनाच आहे.

हा नुसता बायकांचा प्रश्नही नाही. लहान चणीचे, आखूड बोटांचे पुरुष शिपाई कितीतरी असतात. ते बोलत नाहीत, कारण हात लहान आहे हे कबूल करणं पुरुषाला अधिकच अवघड. बाईनं हा प्रश्न विचारला तर फायदा त्यांचाही होईल. कामाच्या जागी बाईच्या गरजेनं झालेल्या सुधारणा शेवटी सगळ्यांच्याच उपयोगी पडतात, हा आपला अनुभव आहे.

म्हणून माझ्या मागण्या अगदी साध्या आहेत. भरतीच्या वेळी उंची मोजतात त्याच टेबलावर हाताचं माप घ्यावं: तळव्याची रुंदी, आणि बेचक्यापासून तर्जनीच्या टोकापर्यंतची लांबी. नवी पिस्तुलं खरेदी करताना दोन-तीन मापांच्या मुठी ही निविदेतली अट असावी. बदलता येणाऱ्या पट्ट्या जिथे पिस्तुलासोबत आलेल्या आहेत, तिथे त्या शस्त्रागाराच्या पेटीत पडून आहेत की शिपायाच्या हाती गेल्या आहेत, हे तपासावं. नेमबाजी शिकवणाऱ्यांना पकड ओळखायचं प्रशिक्षण द्यावं आणि त्यांच्यात बायका असाव्यात. सरावात झालेल्या अंगठ्या-मनगटाच्या दुखापतींची नोंद ठेवावी, म्हणजे प्रश्न आहे की नाही यावर वाद घालायची गरज उरणार नाही.

पोलीस दलातल्या, होमगार्डमधल्या, सुरक्षारक्षकाचं काम करणाऱ्या आपल्या मैत्रिणींना एक विनंती आहे. पुढच्या सरावाला तुमची पकड वर दिलेल्या कसोट्यांवर पाहा. बसत नसेल तर तसं लेखी कळवा, अर्जाची प्रत स्वतःजवळ ठेवा, आणि एकीनं देण्यापेक्षा चौघींनी मिळून द्या. तुमचे अनुभव आमच्याकडेही पाठवा, नाव छापणार नाही. त्या उपनिरीक्षक मुलीनं तिचा अर्ज मागच्या महिन्यात दिला आहे. उत्तर यायचं आहे.